‘काही आढळले नाही’

गिरणीत माझ्याकडे दोन काटे आहेत. एक छोटा, दळणाच्या डब्यांसाठी. दुसरा जमिनीवरचा, पोत्यांसाठी. पोत्यांच्या काट्यावर मी स्वतः उभा राहायला लागलो ते त्या वर्षीच्या भाद्रपदात. ६४ किलोचा माणूस मी. दसऱ्याला ५८ भरलो, संक्रांतीला ४९. गिऱ्हाईक नसलं की शटर अर्धं ओढून काट्यावर चढायचो, कारण गावात गिरणीवाल्याचं वजन हा सगळ्यांचाच विषय असतो. ज्वारीचा डबा खाली ठेवता ठेवता बायका विचारायच्या, “भाऊ, शुगर निघाली का?” मी हो म्हणायचो. शुगर निघण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

शुगर नव्हती. जुलाब होते.

माझ्या आजारात दोन तपासण्यांनी सगळा उलगडा केला, आणि त्या दोन्ही कित्येक महिने कुणी लिहूनच दिल्या नव्हत्या. एक माझ्या गळ्यातल्या माळेमुळे राहिली, दुसरी सवयीमुळे. ज्या औषधाने पोट थांबलं त्याची पट्टी चहा-भज्यांच्या पैशांत मिळते. कुणाच्या घरात असं न थांबणारं पोट असेल तर उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय. वाचताना किळस येईल तिथे यावी, संडासचं लिहायचं तर गुलाबपाणी शिंपडून लिहिता येत नाही.

तर जुलाब. पाण्यासारखे पातळ, रक्त नाही, आव नाही. ताप असला तर अंगात कणकण असावी एवढाच. पोटात कळ यायची आणि रात्रीत दोन-तीनदा उठावं लागायचं. पुढे पुढे वर तेलकट तवंग दिसायला लागला आणि वास असा, की मीच नाकाला रुमाल लावायचो. मध्येच आठवडाभर सगळं ठीक व्हायचं. त्या आठवड्यात जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळायचं. जायफळ उगाळून घेतलं तेव्हा जायफळाला, बेलाच्या मुरंब्याला, डाळिंबाच्या सालीच्या काढ्याला, एकदा तर सासूबाईंनी उतरवून टाकलेल्या मीठ-मिरच्यांना. मग परत सुरू. गावातल्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिलं, मग दुसरी अँटिबायोटिक दिली, सलाईन लावली. सलाईन लागली की दोन दिवस बरं वाटतं, कारण अंगातलं गेलेलं पाणी परत येतं. पण ते पाणी काढून कोण टाकतंय हे सलाईनला विचारून कळत नाही.

मग बार्शीला मोठ्या डॉक्टरांकडे. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून मोठं आतडं बघून झालं. संडासची तपासणी दोन वेगवेगळ्या लॅबमध्ये झाली. रिपोर्ट छापील असतो, त्यात शेवटी एक ओळ, जंताची अंडी किंवा सिस्ट आढळले नाही. डॉक्टर म्हणाले, “बघा, काही आढळलं नाही. टेन्शनने आतडं चिडतं. टेन्शन घेऊ नका.” रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल नावाच्या पेशी १४ टक्के होत्या. एवढ्या असायला नकोत. त्यांनी धंदा विचारला, गिरणी म्हटल्यावर मान हलवली आणि म्हणाले, “पिठाची ॲलर्जी.” वीस-बावीस वर्षं पीठ नाकातोंडात जातंय माझ्या, एक शिंक जास्तीची आली नाही कधी. पण डॉक्टरांशी वाद कोण घालणार?

तिथेच मला वाटतं गाडी रुळावर येऊ शकली असती. त्यांनी तपासताना स्टेथोस्कोप छातीला लावला, हात तुळशीच्या माळेला लागला. “माळकरी का? मग बाहेरचं खाणंपिणं, तसलं काही नसणार.” मी म्हटलं, नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. तसलं म्हणजे काय हे दोघांनाही कळलं होतं. माणूस माळकरी दिसला की त्याला एचआयव्हीची टेस्ट लिहून द्यायची म्हणजे त्याचा अपमान, अशी काहीशी सभ्यता आपल्याकडे आहे. चारशे-पाचशे रुपयांची टेस्ट त्या सभ्यतेपायी राहिली. माझा त्यांच्यावर राग नाही, पण आदर दाखवायची ही पद्धत रोग्याला महाग पडते एवढं नक्की.

(मला एचआयव्ही कुठून झाला ते मी इथे लिहिणार नाही. टीबी झालेल्याला कुणी विचारत नाही, कुणाच्या शेजारी बसला होतास म्हणून. वाचणाऱ्याला ते कळल्याशिवाय चैन पडत नसेल तर त्याने इथेच थांबावं.)

माघात एका सकाळी जात्याला टाकी लावत बसलो होतो. उठलो आणि डोळ्यापुढे अंधारी आली. पुतण्याने गाडीत घालून थेट जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पोटॅशियम इतकं उतरलं होतं की पाय उचलत नव्हते. वॉर्डात एक शिकाऊ डॉक्टर होत्या, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. रात्री उशिरा राउंडला आल्या, पुतण्याने आणलेली रिपोर्टांची पिशवी माझ्या कॉटवरच उपडी केली आणि एकेक कागद तारखेप्रमाणे लावत बसल्या. इतक्या महिन्यांत हे काम पहिल्यांदाच कुणी करत होतं. १४ टक्क्यांवर त्यांनी पेनने गोल केला. मग म्हणाल्या, “काका, आ करा.” टॉर्चने बघितलं. जिभेवर आणि टाळूला पांढरा थर होता, मी तो जागरणाचा समजत होतो.

“मी एक तपासणी लिहिते आहे. एचआयव्हीची. तुमची संमती लागते. लिहू का?”

माळ त्यांनाही दिसत होती. मी म्हटलं, लिहा.

त्या तपासणीची खोली वेगळी असते. दारावर आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचा सल्ला आणि तपासणी केंद्र, असं लिहिलेलं, आत समुपदेशक. आधी ते टेस्ट म्हणजे काय ते सांगतात, मग सही घेतात, मग रक्त. एका किटवर पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच शिक्का मारत नाहीत, आणखी दोन वेगळ्या किटवर तेच रक्त लावून बघतात. निकाल बंद दाराआड, मला एकट्याला सांगितला. पुतण्या बाहेर बाकावर होता, त्याला काही सांगितलं नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि निकालही माझ्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही, हे समुपदेशक बाईंनी सांगितलं तेव्हा माझं अर्धं लक्ष नव्हतं. माझ्या डोक्यात एकच, हिला काय सांगायचं.

हिला मीच सांगितलं. ती म्हणाली, “अहो, आता माझीपण करायला लागेल ना?” तिची केली, निगेटिव्ह आली. तीन महिन्यांनी परत केली, तेव्हाही निगेटिव्ह. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. जेवायला वाढलंय, गोळी घ्या, लाइट बिल आलंय. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणं तिला आवडणार नाही.

सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, आल्या ६१. धडधाकट माणसात त्या पाचशेच्या वर असतात, दोनशेच्या खाली गेल्या की शरीराचं राखण उठलं असं समजायचं. केसपेपरवर ‘स्टेज ४’ लिहिलेलं बघून मला वाटलं कॅन्सरही आहे. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, ही स्टेज आजारांच्या यादीवरून ठरते, आणि चौथ्या स्टेजमध्ये असलेले पुष्कळ लोक आज आपापल्या कामाला जातात. “तुमच्या पोटात जे आहे असं मला वाटतंय, ते त्या यादीत आहे. पण आधी ते दिसायला हवं.”

आता दुसरी तपासणी. संडासच्या साध्या तपासणीत नमुन्याचा थेंब काचेवर घेऊन त्यात सलाईन नाहीतर आयोडीन घालतात आणि बघतात. जंताची अंडी, अमिबा, जिआर्डिया त्यात सापडतात. पण काही परजीवी इतके पारदर्शक असतात की साध्या थेंबात नजरेतून सहज निसटतात. त्यांना लाल रंग पाजून बघावं लागतं. थुंकीतल्या टीबीच्या जंतूला जो रंग देतात तोच, पद्धत थोडी वेगळी. लॅबवाले त्याला ‘मॉडिफाइड एएफबी’ म्हणतात. फॉर्मवर नुसतं ‘स्टूल रुटीन’ लिहिलेलं असेल तर लॅब हे करत नाही, करायचं कारणही नसतं. माझ्या आधीच्या दोन्ही लॅबनी खोटं काही छापलं नव्हतं. बघितलं त्यात त्यांना काही आढळलं नव्हतं, एवढंच.

मॅडमनी फॉर्मवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली फोनही केला. नमुने तीन, वेगवेगळ्या दिवसांचे, कारण हा जंतू रोज बाहेर पडेलच असं नाही.

नमुन्याची डबी मी स्वतः लॅबमध्ये नेऊन द्यायचो. चालता येतं हे दाखवायची हौस, दुसरं काय. तिथली टेक्निशियन मुलगी माझ्या थोरल्या पुतणीएवढी. यंत्र दिसलं की मला विचारल्याशिवाय राहवत नाही, आणि तिलाही सांगायला आवडत होतं. नमुना औषधात कालवून गाळायचा, मग गरगर फिरवणाऱ्या यंत्रात घालायचा, म्हणजे जड ते नळीच्या तळाशी बसतं. तो गाळ काचेवर पसरायचा, वाळवायचा. वर कार्बोल फुक्सिन, गडद किरमिजी. धुवायचं. मग सौम्य गंधकाम्ल, त्याने बाकी सगळ्याचा रंग निघून जातो, पण या जंतूच्या कवचात शिरलेला रंग निघत नाही. परत धुवायचं आणि शेवटी निळा.

पहिल्या नमुन्यात काही नव्हतं. दुसऱ्याच्या दिवशी मी दारात दिसताच ती म्हणाली, “काका, बघायचंय?”

स्टुलावर बसलो. आधी नुसतं निळं दिसलं, माझ्याच पापण्या मध्ये येत होत्या. तिने स्क्रू फिरवला आणि निळ्यात एकदम तो आला. लालबुंद, लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता, थेट गव्हाच्या दाण्यासारखा. आत एक गोळा. बाजूला आणखी एक, त्यात दोन गोळे. आयसोस्पोरा. आता शास्त्रज्ञ त्याला सिस्टोआयसोस्पोरा म्हणतात, पण लॅबमध्ये जुनंच नाव चालतं. लांबी साधारण तीस मायक्रॉन, म्हणजे एका मिलीमीटरात ओळीने तीसेक बसतील. आणि संडासच्या या मंडळींत इओसिनोफिल वाढवणारा म्हणून हाच ओळखला जातो, असं मॅडमनी संध्याकाळी सांगितलं. बार्शीतल्या कागदावरचे ते १४ टक्के पिठाचे नव्हते, याचे होते.

मला राग यायला हवा होता. मला बरं वाटलं. इतके महिने मी टेन्शन घेणारा, चिडक्या आतड्याचा, ॲलर्जीवाला माणूस होतो. आता माझ्या आजाराला तोंड होतं आणि ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

हा जंतू लहान आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशींत शिरतो आणि तिथेच वाढतो. अस्तरावर जी बारीक लव असते, अन्न शोषून घेणारी, ती झिजते. म्हणून तूप-तेल अंगी न लागता तवंग होऊन बाहेर यायचं, म्हणून वजन उतरायचं. धडधाकट माणसालाही हा होतो, पण त्याचं शरीर बहुतेक वेळा त्याला आपणच हाकलतं. सीडी फोर ६१ असलेल्याच्या पोटात तो महिनोन्‌महिने घर करून राहतो.

हिने मॅडमना विचारलं ते मला कधी सुचलं नसतं. “संडास एकच आहे घरात. आम्हाला?” मॅडम म्हणाल्या, हा जंतू बाहेर पडतो तेव्हा कच्चा असतो, बाहेर एक-दोन दिवस राहून तयार होतो, मग दूषित पाण्यातून नाहीतर अन्नातून पोटात जातो. त्यामुळे हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने वगैरे होत नाही. संडास स्वच्छ ठेवा, साबणाने हात धुवा, पाणी उकळा.

औषध निघालं सेप्ट्रान. कोट्रायमोक्साझोल म्हणजे तेच. मी लहान असताना आमच्या आईने घसादुखीला दिलेली गोळी. डबल स्ट्रेंथची एक गोळी दिवसातून चार वेळा, दहा दिवस. मग दिवसाला दोन, तीन आठवडे. मग रोज एक, पुढचं सांगेपर्यंत. आधी सल्फाची ॲलर्जी आहे का विचारलं, अंगावर पुरळ आलं किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून ताबडतोब या म्हणाले, आणि पाणी भरपूर प्यायला सांगितलं. पुरळ आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी संडासमधून बाहेर आलो ते सरळ नर्सच्या टेबलापाशी. “सिस्टर, बांधून झाली.” शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. माझ्या लग्नाची बातमी सांगतानाही मी इतका खूश नव्हतो.

मॅडमनी तेव्हा एक गोष्ट सांगितली होती. हैती नावाच्या देशात ऐंशीच्या दशकात एड्सच्या रोग्यांमध्ये हाच जंतू फार होता. तिथल्या डॉक्टरांनी हेच औषध देऊन बघितलं आणि १९८६ साली ते छापून आलं. दोन-तीन दिवसांत जुलाब थांबत होते, पण औषध बंद केल्यावर जवळजवळ निम्म्या लोकांना परत होत होते. म्हणून ही रोजची एक गोळी. “दहा दिवसांनी बरे झालात म्हणून पट्टी फेकून द्यायची नाही, काका.”

ते ऐकताना मला आमच्या गावातला एक ट्रक ड्रायव्हर आठवला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तो पोट सुटूनच गेला, शेवटी गोठ्यात ठेवला होता त्याला. भाकरी दुरून सरकवायचे. गावात आजही त्याचं नाव कुणी घेत नाही. त्याच्या पोटात कोणता जंतू होता हे आता कोण सांगणार? सरकारी दवाखान्यात एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, फुकट मिळायला लागली १ एप्रिल २००४ पासून, त्याला ती मिळाली नसती. पण सेप्ट्रान तेव्हाही प्रत्येक मेडिकलात होतं.

सगळ्यांचंच असं सोपं नसतं. माझ्यासमोरच्या कॉटवर सेंट्रिंगचं काम करणारा एक तरुण होता, पंचवीस-सव्वीसचा. तोच आजार, तेच जुलाब, माझ्यापेक्षा जास्त. त्याच्या नमुन्यात निघाला क्रिप्टो, म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम. त्याने स्वतःच सांगितलं मला, आमची चांगली गट्टी जमली होती. तोही लालच दिसतो, पण गोल आणि अगदी बारका, चार ते सहा मायक्रॉनचा, रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षाही लहान. त्याच्यावर सेप्ट्रान चालत नाही. नायटाझोक्सानाइड नावाची गोळी देतात, पण प्रतिकारशक्ती इतकी उतरलेली असताना तिचा भरवसा नाही. खरं औषध एकच, एआरटी सुरू करून सीडी फोर वर आणायच्या आणि तोवर माणसाला पाणी-मीठ देऊन धरून ठेवायचं. मला बांधून झाली त्या सकाळी तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी टाळ्यांनंतर त्याच्याकडे बघायचं टाळलं. तो वाचला, हे आधीच सांगून टाकतो. पण त्याला कित्येक महिने लागले, आणि हाडं तेवढी उरली होती.

क्रिप्टोमुळेच मला पाण्याचं गांभीर्य कळलं. हा जंतू क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या, क्लोरीन घातलेल्या पाण्यातून तो पसरला होता आणि अंदाजे चार लाख लोकांची पोटं बिघडली होती. अमेरिकेची ती गत, तर आमच्या गावची टाकी कधी धुतली हे सरपंचालाही आठवत नाही. तुरटीने पाणी नितळ दिसतं, टीसीएलने, म्हणजे ब्लीचिंग पावडरने, वास येतो, पण हे दोन्ही जंतू त्याने मरत नाहीत. उकळल्यावर मरतात. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट. त्यापेक्षा जास्त उकळून गॅस जाळायचं कारण नाही, हे हिला पटवायला मात्र वेळ लागला. ती अर्धं पाणी आटवायची.

एआरटी लगेच दुसऱ्या आठवड्यात सुरू केली. त्याआधी टीबी नाही ना म्हणून थुंकी आणि एक्स-रे, लिव्हर-किडनी, कावीळ, मेंदूच्या बुरशीसाठी रक्ताची एक तपासणी, असं सगळं झालं. गोळी एकच, तिला टीएलडी म्हणतात. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्रॅव्हिर, तीन औषधं एका गोळीत. रात्री हरिपाठ झाला की घेतो, त्यामुळे विसरत नाही. कॅल्शियमची किंवा ॲसिडिटीची गोळी तिच्याबरोबर घ्यायची नाही, मध्ये काही तासांचं अंतर ठेवायचं, हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

एआरटी सेंटरची रांग हा वेगळाच प्रकार. पहिल्या वेळी मी गळ्याभोवती उपरणं गुंडाळून तोंड झाकून गेलो. रांगेत पुढे शेजारच्या गावचा एक जण, माझं नेहमीचं गिऱ्हाईक. त्याने मला बघितलं, मी त्याला. दोघांनीही भिंतीवरचं पोस्टर वाचायला सुरुवात केली. पोस्टर एकच होतं आणि चार ओळींचं. शेवटी तोच म्हणाला, “चहा घेणार का?” त्याला गोळ्या सुरू होऊन बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं तो माझ्याकडे गहू दळून नेत होता आणि मी त्याला उधारी देत नव्हतो.

आत गेलं की उरलेल्या गोळ्या मोजतात, वजन करतात, खोकला-ताप-घाम-वजन हे चार प्रश्न दर वेळी विचारतात. सुरुवातीला महिन्याला जायचं, मग तब्येत स्थिरावली की तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. सहा महिन्यांनी व्हायरल लोड केला, विषाणू सापडण्याइतकाही नव्हता. समुपदेशक बाईंनी मुद्दाम हिला बोलावून सांगितलं, लोड असाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला होत नाही. हिने मान डोलावली. घरी येताना एसटीत मात्र खूप दिवसांनी कामाशिवायचं बोलली. दिराच्या सुनेची तक्रार करत होती, पण बोलली.

मध्ये एकदा घाबरगुंडी उडाली. आषाढीला उपवासाची साबुदाण्याची खिचडी दोन ताटं हाणली, वर भगर आणि शेंगदाण्याची आमटी. द्वादशीला पहाटे पोट सुटलं. मी पार गळालो. परत तेच, हैतीतले निम्मे, वगैरे. डबी घेऊन लॅबमध्ये हजर. तीच मुलगी होती. तिने तीनही दिवसांचे नमुने रंगवून बघितले आणि रिपोर्ट दिला, काही आढळले नाही. तेच शब्द. पण या वेळी खाली लिहिलं होतं, कोणत्या पद्धतीने बघितलं ते. मॅडमनी विचारलं काय खाल्लं होतं. सांगितलं. म्हणाल्या, हे तर मलाही झालं असतं.

तुमच्याही हातात असा रिपोर्ट असेल आणि पोट महिन्याच्या वर सुटलेलं असेल, तर त्यावर कोणती पद्धत लिहिली आहे ते बघा. नुसतं रुटीन असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, मॉडिफाइड एएफबी करू या का. आणि एचआयव्हीची टेस्ट झालीय का, हेही. विचारायची लाज वाटली तर १०९७ हा फुकटचा नंबर आहे, मराठीत बोलतात आणि नाव विचारत नाहीत.

गेल्या वेळी सीडी फोर ३७२ आल्या. साडेतीनशेच्या वर सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा आल्या आणि बाकी सगळं ठीक असलं, तर सेप्ट्रान बंद करता येईल म्हणाले. काट्यावर ६१ भरतो. गिऱ्हाइकांना सांगून टाकलंय, शुगर कंट्रोलमध्ये आहे.

यंदा दिंडीत जायचं ठरवलं तेव्हा मॅडम आता दुसऱ्या गावी बदलून गेल्या होत्या, म्हणून सेंटरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चाला, पण टँकरचं पाणी नको, बर्फ नको, उसाचा रस नको, रस्त्यावरची चिरलेली काकडी नको. म्हणजे वारीत जे जे फुकट वाटतात ते सगळं नको. स्टीलचा कॅन घेतला. मुक्कामाला स्वयंपाक उरकला की त्याच शेगडीवर पातेलंभर पाणी उकळून घ्यायचो. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याने विचारलं, “तुझं पाणी येगळं का रं?” म्हटलं, पोट नाजूक आहे, बाबा. त्याने लगेच तांब्या पुढे केला. “मग मलाबी वत. माझं कुठं धड हाय?” दुसऱ्या मुक्कामाला चौघे आले, तिसऱ्याला निम्मी दिंडी. कॅन पुरेना. पुढच्या वर्षी मोठं पातेलं न्यायचं ठरलंय, सिलेंडरचा खर्च दिंडीच्या वर्गणीतून.